हातचे दोन

पत्र जाड कागदाचं, कोपऱ्यात सोनेरी फीत छापलेली.
'आमच्या निष्ठावंत ग्राहकांसाठी आनंदाची बातमी.'
चौतीस वर्षं गणित शिकवलं मी,
पण आनंद तिसऱ्या पानावर, तळटीप सातमध्ये ठेवतात
हे कुठल्या पाठ्यपुस्तकात आलं नव्हतं.

एक तारखेपासून
एका गुणाचा रुपया नाही. पंचवीस पैसे.
दोन वर्षांपेक्षा जुने गुण महिनाअखेरीस बाद.
कार्डाची फी वर्षाला पाचशे, वर कर.
आणि कार्ड आता जांभळं,
ग्राहकांच्या आग्रहास्तव.
मी कधी जांभळं मागितलं होतं?

फोंड्याला, तिस्कावरच्या त्या दुकानात
तक्रारीची रांग प्रेशर कुकरांपाशी सुरू होते
आणि चादरींना वळसा घालून जिन्यापर्यंत येते.
माझ्यापुढे बोरीची इझाबेल बाय
पाकीट नाचवत विचारत होती सगळ्यांनाच,
'आमकां पिशीं समजल्यात काय?'
मागे कुर्टीचा एक पोरगा, रात्रपाळी करून आलेला,
उभ्या उभ्या डुलकी काढत होता.

बांदोड्याहून येताना बसमध्ये
मी भांडण पाठ केलं होतं, मुद्देसूद, चार भागांत.
काउंटरवरची मुलगी मला बघून उठून उभी राहिली.
'सर.'
रोशनी मडकईकर. आठवी ब, खिडकीकडचा बाक.
भांडणाचे दोन भाग तिथंच गळाले.

उरलेले दोन बोललो.
अकरा हजार आठशे चाळीस गुण, म्हटलं,
नऊ वर्षांचा तांदूळ, तेल, साबण, दोन रेनकोट,
मुलाच्या लग्नातली सगळी भांडी,
समोरच्या दुकानात स्वस्त असूनही इथूनच.
ती म्हणाली, 'सिस्टममध्ये तसंच आलंय, सर.
आमची स्टाफची कार्डंसुद्धा...'
आणि मागच्या केबिनकडे बघून थांबली.

मग तिनं बिलाचा एक कोरा तुकडा ओढला.
कॅल्क्युलेटर शेजारीच होता, तो घेतला नाही.
पाच चोक वीस, शून्य, आठावर बारीकसा दोन.
पाच आठे चाळीस आणि दोन बेचाळीस,
एकावर बारीकसा चार.
हातचा डोक्यावर लिहायचा, पोटात ठेवायचा नाही,
हे माझंच वाक्य. तिच्या पेनातून उतरत होतं.
दोन हजार नऊशे साठ रुपये.
उत्तर बरोबर होतं.
मी लाल शाई शोधल्यासारखा खिसा चाचपला.

एक गोष्ट तिला सांगितली नाही.
प्रमिलाचा उजवा खांदा धरून दोन वर्षं झाली.
गेल्या चवथीला ती म्हणाली होती,
'आतां तरी तो वाटपाचा ग्राइंडर घेऊया,
नऊ हजारांचा तर आहे.'
मीच म्हटलं, थांब. बारा हजार होऊं देत.
एकशेसाठच कमी आहेत.
मला पूर्ण आकडे आवडतात.
दुकानदारानं लुबाडलं खरं,
पण दार मी उघडं ठेवलं होतं,
शून्यं मोजत.

इझाबेल बायनं कार्ड कात्रीनं कापून मागितलं.
कात्री नव्हती. दातांनी वाकवलं, मोडेना.
मी दोन हजार नऊशे साठांत
एक इस्त्री, एक गाळणी आणि टॉर्च घेतला.
टॉर्चची आम्हांला गरज नव्हती.

घरी रगड्याचा आवाज येत होता, थांबून थांबून.
मी इस्त्री टेबलावर ठेवली.
तिनं वाटप गोळा करता करता पाहिली,
ग्राइंडरचं नाव काढलं नाही.
'कोणाची गो ती मुलगी?' एवढंच.
'मडकईची. गणितात बरी होती.'
'पोरीचा काय दोष.'
हात पुसून तिनं तो बिलाचा तुकडा उलटा केला,
आणि मागच्या बाजूला लिहायला घेतलं:
नारळ चार, सुक्या मिरच्या, हिंग.

मी विचारलं, 'तिस्कावरूनच आणू?'
ती डाव्या हातानं लिहीत होती, अक्षर वाकडं.
'मेळटा थंयसून आण,' म्हणाली.